तुम्ही काय टाकून देता? (वेगवेगळ्या विषयांत संशोधन करणाऱ्यांना एक प्रश्न)

आंबेनळी

पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने गेला असाल, तर रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये एक तांबडा पट्टा दिसला असेल. कुठे वीतभर जाडीचा, कुठे हातभर. पावसाळ्यात त्यातून लाल पाणी झिरपतं आणि खालच्या काळ्या दगडावर ओघळ उठतात. गाड्या पुढे जातात, कुणी थांबत नाही. मीही थांबत नसे, आणि माझं तर कामच तिथे होतं.

नव्वदच्या दशकात पीएचडीसाठी मी हा घाट पायी, थर मोजत चढले. सह्याद्री म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थराची रासायनिक घडण जराशी वेगळी असते, त्यावरून कुठला थर कुठपर्यंत पसरलाय ते ओळखता येतं. त्यासाठी दगड ताजा हवा. आमच्या सरांचा दंडकच होता, हातोडा मारल्यावर खणखणीत वाजला नाही तर पिशवीत घालायचा नाही. तांबडा थर म्हणजे दोन उद्रेकांमधल्या काळात ऊन-पावसाने कुजलेला भाग. तो हाताने कुस्करतो. तो लागला की मी हातोडा कमरेला अडकवायचे आणि पाच-सहा फूट वर चढून पुढचा काळा दगड फोडायचे. वहीत एकच ओळ: ‘तां. थर, नमुना घेतला नाही.’

2015 च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध आला. प्रिन्स्टनच्या गटाचा, त्यात आपल्या अमरावती विद्यापीठातले एक प्राध्यापकही सहलेखक. त्यांनी दख्खनच्या लाव्हाचं वय काढलं होतं, तेही तांबड्या थरांतून! लाव्हा वाहायचा थांबला की मधल्या काळात दुसऱ्या प्रकारच्या ज्वालामुखींची राख येऊन त्या मातीवर बसायची. त्या राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. काळ्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या दगडात, झिरकॉन जवळजवळ मिळतच नाही. झिरकॉनमध्ये अडकलेल्या युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं. दोन्ही मोजले की वय निघतं, आणि 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची तारीख काही दहा हजार वर्षांच्या फरकाने सांगता येते. आम्ही काळ्या दगडावर जन्म घालवला. आमच्या चुका लाखांत असायच्या.

त्या रात्री मी माळ्यावरून जुनी वही काढली आणि ‘नमुना घेतला नाही’ या ओळी मोजल्या. तेवीस निघाल्या.

मला वाईट वाटलं ते पहिला मान हुकला म्हणून नव्हे. झिरकॉन मोजण्याचं तंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतंच. वाईट याचं की तेवीस वेळा मी त्या थरापाशी उभी होते आणि ही गोष्ट मी दुसऱ्या विषयातल्या एकाही माणसाला सांगितली नाही. सेमिनारमध्ये आम्ही काळ्या दगडाचे आलेख दाखवायचो. लाल थर कुठल्याच स्लाइडवर नसायचा.

म्हणून हा धागा. इथे भौतिकशास्त्रातले, वैद्यकातले, शेतीतले, हवामानातले बरेच जण आहेत. ‘माझं संशोधन अमुक’ असं सांगू नका, ते तुमच्या निबंधात आहेच. तुम्ही रोजच्या कामात काय टाकून देता ते सांगा. कुठला आकडा वजा करता, कुठला नमुना फेकता, कुठल्या थराला टाळून पुढे जाता? इथे कुणाला तरी तो हवा असेल.

---

प्रयोगवही

ताई, प्रश्न आवडला, पण उत्तर देताना पंचाईत होते. टाकलेल्या गोष्टीची नोंदच नसते. आमच्या प्रयोगशाळेत ‘कामाचं नाही’ असं ठरलं की नळी थेट वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जाते. तुम्ही निदान ‘घेतला नाही’ एवढं तरी लिहीत होतात. आम्ही तेही लिहीत नाही.

---

हस्तनक्षत्र

माझ्याकडे उलट बाजूचं उदाहरण आहे. मी दुसऱ्यांच्या टाकाऊवर जगतो!

मी पुण्यात हवामानाचं काम करतो. हवेत बाष्प किती आहे हे कळल्याशिवाय पावसाचा अंदाज धड करता येत नाही. फुगे सोडून मोजतो, पण फुगा दिवसातून दोनदा जातो आणि मधल्या वेळी ढग आमच्यासाठी थांबत नाहीत.

आता जमीन मोजणारी मंडळी घ्या. भूकंपाच्या पट्ट्यात जमीन वर्षाला किती मिलिमीटर सरकते हे ते जीपीएसने मोजतात. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर. तिथून येणारा संदेश हवेतल्या बाष्पामुळे किंचित उशिरा पोचतो. त्यांच्या दृष्टीने हा उशीर म्हणजे घाण. तो हिशेबाने काढून टाकायचा, म्हणजे जमिनीचा खरा ठिपका हाती येतो. अनेक वर्षं तो काढून फेकतच होते. 1992 मध्ये काही भूमापनवाल्यांनी आणि हवामानवाल्यांनी मिळून निबंध लिहिला, की हा उशीर म्हणजेच डोक्यावरच्या हवेतल्या बाष्पाचं माप आहे. ढगाळ असो, रात्र असो, चोवीस तास मिळतं. आज जगभर हे वापरतात, आपल्या हवामान खात्याकडेही असे जीपीएस रिसीव्हर बसवलेले आहेत.

मला हे प्रत्यक्ष कसं भेटलं ते सांगतो. एका परिषदेत जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक भूमापनवाले गृहस्थ होते. जून महिना. ते कुरकुरत होते, ‘पावसाळ्यात आमचा डेटा फार खराब होतो हो, चार महिने वायाच.’ मी ताट हातात धरून विचारलं, ‘खराब म्हणजे नेमका कसा?’ त्यांनी पेपर नॅपकिनवर आलेख काढून दाखवला. मोसमी पाऊस येण्याआधी बाष्प कसं चढत जातं त्याचं ते चित्र होतं. इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. माझी भाजी गार झाली. तो नॅपकिन अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

---

कणाद

हस्तनक्षत्र, अगदी हेच नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत चालतं. कमी कंपनसंख्येच्या रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना वाकतात, थरथरतात. आम्ही आकाशगंगा बघणारे ती थरथर दुरुस्त करून टाकतो. त्या थराचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हवी असते ती नेमकी थरथरच. 45 मीटरच्या तीस थाळ्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, इतकं बारीक मोजणारं यंत्र त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

आमच्या विषयातली जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. 1964-65 साली पेन्झिअस आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती आणि जाता जात नव्हती. कबुतरांची घाणसुद्धा पुसून झाली. साठेक किलोमीटरवर प्रिन्स्टनमध्ये डिकी यांचा गट नेमकी तीच खरखर शोधायला यंत्र बांधत होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. पेन्झिअस यांनी वेगळ्याच कामासाठी बर्नार्ड बर्क या तिसऱ्या शास्त्रज्ञाला फोन केला, बोलता बोलता खरखरीचं रडगाणं निघालं, आणि बर्क म्हणाले, प्रिन्स्टनला फोन करून बघा. विश्वाच्या जन्मानंतरचा उरलेला उजेड असा सापडला.

पण आंबेनळीताई, दख्खनच्या लाव्हाची तारीख इतकी नेमकी कशाला हवी होती? डायनासोरांचं प्रकरण ना? ते जरा सविस्तर सांगा. मला त्यातला भौतिकशास्त्राचा भाग माहीत आहे, दगडाचा नाही.

---

आंबेनळी

हो, तेच प्रकरण. डायनासोर लाव्हाने संपले की आणखी कशाने, हा वाद; म्हणून तारीख नेमकी हवी. आणि वेगळ्या विषयांच्या माणसांनी एका टेबलाशी बसण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

इटलीत गुब्बिओ नावाचं गाव आहे. त्याच्या बाहेर घळीत चुनखडीचे थर उभे दिसतात. खालच्या थरांत सूक्ष्म समुद्री जिवांचे मोठे मोठे कवच, वरच्या थरांत एकदम चिमुकले. मध्ये जेमतेम एक सेंटिमीटरचा चिकणमातीचा थर, त्यात काहीच नाही. डायनासोर संपले तो काळ हाच. वॉल्टर अल्वारेझ हे भूशास्त्रज्ञ तिथे वेगळ्याच कामाला गेले होते, दगडातलं चुंबकत्व मोजायला. त्यांनी त्या थराचा तुकडा बर्कलीला घरी नेला आणि वडिलांना दाखवला. वडील लुईस अल्वारेझ, कणभौतिकीतले 1968 चे नोबेल विजेते. त्यांनी दगडाबद्दल काहीही माहीत नसलेल्या माणसाचा प्रश्न विचारला: हा एक सेंटिमीटर साचायला किती वर्षं लागली?

भूशास्त्रज्ञ हा प्रश्न विचारत नव्हते, कारण उत्तर काढायची सोय नव्हती. लुईस यांनी तोडगा सुचवला. अवकाशातून धूळ सतत, सावकाश पडत असते. तिच्यात इरिडियम असतं, पृथ्वीच्या कवचात ते नसल्यासारखंच. थरातलं इरिडियम मोजा, म्हणजे धूळ किती काळ पडत होती ते कळेल.

मोजायचं कुणी? त्याच प्रयोगशाळेत फ्रँक असारो आणि हेलन मिशेल हे दोन अणुरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचं तंत्र नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करून सूक्ष्म घटक ओळखण्याचं. आणि ते वापरत कशासाठी, तर पुरातत्त्वज्ञांनी आणलेली खापरं कुठल्या मातीची आहेत हे सांगण्यासाठी! म्हणजे खापरांसाठी घासूनपुसून तयार झालेली पद्धत डायनासोरांच्या उपयोगी पडली.

अपेक्षा होती अब्जात 0.1 भाग इरिडियमची. निघालं 9 भाग. धुळीचा हिशेबच कोलमडला. एवढं इरिडियम एकदम कुठून आलं? ताऱ्याच्या स्फोटातून आलं असेल, तर प्लुटोनियमचा एक विशिष्ट प्रकारही सापडायला हवा. त्यांनी शोधला, आणि तो सापडलाही! रात्रभर काम करणाऱ्यांना वाटलं, मिळालं उत्तर. पण त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं आणि प्लुटोनियम गायब. पहिल्या वेळी ते प्रयोगशाळेतूनच मिसळलं होतं. या चौघांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. छापून मोकळे झाले असते तर कुणी अडवलं नसतं.

डेन्मार्कच्या तशाच थरात तर प्रमाण आजूबाजूच्या दगडापेक्षा 160 पट निघालं. जून 1980 मध्ये ‘सायन्स’मध्ये चौघांच्या नावाने निबंध आला: सुमारे 10 किलोमीटरचा लघुग्रह आदळला. भूशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, दोन रसायनशास्त्रज्ञ.

आदळला तर खड्डा कुठाय, हा पुढचा प्रश्न. त्याला दहा वर्षं लागली.

---

खोलसमुद्र

ताई, ती दहा वर्षं का लागली हे मला सांगू द्या. हा माझ्या धंद्याचा दोष आहे आणि मला तो फार लागतो. मी तेल शोधणाऱ्या कंपन्यांसाठी भूभौतिकीचं काम करतो, सध्या मस्कतला.

1978 मध्ये ग्लेन पेनफील्ड नावाचा आमच्यासारखाच एक माणूस मेक्सिकोच्या तेल कंपनीसाठी विमानातून चुंबकीय सर्वेक्षण करत होता. युकातानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली त्याला मोठी कमान दिसली. मग जमिनीवरचा जुना गुरुत्वाकर्षणाचा नकाशा मिळाला, त्यातही कमान. दोन्ही जोडल्या आणि गोल पूर्ण झाला. आज त्याचा व्यास सुमारे 180 किलोमीटर मानतात. आणि 1950 च्या दशकात तिथे तेलासाठी विहिरीही खणल्या होत्या. तेल नाही, वितळून थिजलेला दगड लागला, ‘ज्वालामुखी’ अशी नोंद करून काम बंद.

पेनफील्ड आणि त्याचा सहकारी अंतोनियो कामार्गो यांनी 1981 मध्ये तेल भूभौतिकीच्या परिषदेत हे मांडलं. मोजकेच लोक होते. त्याच आठवड्यात तिकडे युटा राज्यात लघुग्रहाच्या आघातावर पहिली मोठी परिषद भरलेली! विवर शोधणारे सगळे तिकडे, विवर सापडलेले दोघे इकडे.

ह्यूस्टनच्या एका दैनिकातल्या कार्लोस बायर्स या बातमीदाराने मात्र तेव्हाच बातमी दिली होती. शास्त्रज्ञांनी ती वाचली नाही. 1990 मध्ये त्याला अ‍ॅलन हिल्डेब्रँड नावाचा विद्यार्थी भेटला, हैतीत आघाताच्या खुणा सापडल्यामुळे कॅरिबियनच्या आसपास विवर शोधणारा. बायर्सने त्याला सांगितलं, अरे, पेनफील्डला गाठ. मग त्या जुन्या विहिरींचे नमुने शोधून काढले, त्यांत आघाताने चिरफाळलेलं क्वार्ट्झ मिळालं, आणि 1991 मध्ये निबंध. त्या विवराचं नाव चिक्षुलुब.

आमच्या धंद्यात ‘तेल नाही’ म्हटलं की फाइल बंद. मी स्वतः अशा कितीतरी फायली बंद केल्यात. गोपनीयतेचा करार असतो, तेलापुरता तो समजतो. पण जिथे तेल नाही तिथलं चित्र कुलूपबंद ठेवून कुणाचा काय फायदा? एका ठिकाणी मी हा प्रश्न वरिष्ठांना विचारला. उत्तर आलं, ‘तुला पगार कशाचा मिळतो?’ पुढे मी विचारलं नाही. याची मला लाज वाटते.

---

झाडीपट्टी

खोलसमुद्र, लाज कशाला, विचारलंत तरी.

मी वनस्पतीशास्त्रातली, चंद्रपूरकडची. ‘काय टाकून देता’ वाचून आमच्या वरोऱ्याजवळचं पिसदुराच आठवलं. तिथल्या शेतात नांगर चालला की लाडवाएवढे-लिंबाएवढे कठीण गोळे वर येतात. ते डायनासोरच्या काळातल्या शेणाचे दगड. हाडं शोधणाऱ्यांना हाडं हवी, दात हवे. शेणाला कोण विचारतो?

भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने, वंदना प्रसाद आणि अशोक सहानी त्यात होते, हे गोळे विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आत फायटोलिथ मिळाले. वनस्पती मातीतून वाळूचा अंश शोषतात, तो पेशींत साचून काचेसारखे सूक्ष्म खडे होतात. झाड कुजतं, खडे राहतात, आणि प्रत्येक कुळाच्या खड्यांचा आकार निराळा. ते ओळखायला कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग या फायटोलिथच्या जाणकार सोबत होत्या. 2005 मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला: शेणात गवत होतं, एक नाही तर निदान पाच प्रकारचं. तोवर पाठ्यपुस्तकं सांगत की गवत पसरलं ते डायनासोर संपल्यावर. चित्रकारांनाही सांगत, डायनासोरच्या पायाखाली गवत रंगवू नका.

त्यात भाताच्या भाऊबंदांसारखे प्रकारही होते. आमच्याकडे धानाच्या बांधीत उभं राहिलं की मला दरवेळी तेच आठवतं.

मी काय टाकते ते सांगते. फायटोलिथ मिळवायचे तर नमुना आम्लात उकळतो. परागकण जळून जातात. माझ्या हाताखालून निदान दोनशे नमुन्यांचे परागकण नालीत गेले असतील. दोन वर्षांपूर्वी एका परागकणवाल्या मैत्रिणीने बघितलं आणि ती कळवळली. आता प्रत्येक नमुन्याची चिमूट मी आधी बाजूला काढून ठेवते. चिमूटभरच लागते तिला. कुणी आधी मागितलंच नव्हतं.

---

दशांश

गणित शिकवतो, निवृत्त. माझी मुलगी कृषी विद्यापीठात ज्वारीवर काम करायची. एकदा तिच्या संगणकावर जनुकांचा नकाशा काढायचा प्रोग्रॅम उघडा होता आणि त्यात सूत्राची निवड विचारली होती: हाल्डेन की कोसंबी? मी म्हटलं, हे आपले कोसंबी? ती म्हणाली, बाबा, कोण ते माहीत नाही, सगळे कोसंबीच निवडतात.

आपलेच ते. दामोदर धर्मानंद कोसंबी, 1907 साली गोव्यातल्या कोसबेन गावी जन्म, फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. गुणसूत्रावर दोन जनुकं किती लांब आहेत हे पुढच्या पिढीतल्या अदलाबदलीवरून मोजतात. पण मधे दोनदा अदलाबदल झाली तर ती एकमेकींना खोडते आणि मोजदादीत दिसतच नाही. ही हरवलेली अदलाबदल हिशेबात कशी धरायची, त्याचं सूत्र त्यांनी 1944 मध्ये दिलं. आज जगात कुठेही भाताचा, गव्हाचा, ज्वारीचा नकाशा निघाला की त्यात बहुधा ते सूत्र असतं.

आणि आंबेनळीताई, तुमच्या प्रश्नाला त्यांचं नाण्यांचं काम जास्त लागू पडतं. नाणकशास्त्रज्ञ नाण्यावरच्या खुणा बघत. झिजलेलं नाणं म्हणजे दुय्यम. कोसंबींनी झीज हाच पुरावा धरला. नाणं हातोहात फिरताना दरवेळी कणभर झिजतं, म्हणून जास्त वर्षं फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी आणि वजनांतली तफावत जास्त. हा नियम खरा आहे का, हे त्यांनी आधी चलनातली साधी नाणी तराजूत तोलून पाहिलं. मग तक्षशिलेच्या चांदीच्या नाण्यांवर लावून कुठली आधीची, कुठली नंतरची हा क्रम लावला. मी डोळ्यांसमोर आणतो ते त्यांचं एकेक नाणं तागडीत ठेवणं, आकडा लिहिणं, पुढचं उचलणं. गणिताच्या प्राध्यापकाने करायचं काम नव्हे असं तेव्हा किती जणांना वाटलं असेल!

मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिने प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एक ओळ घातली.

---

ओपीडी

वैद्यकातलं थोडक्यात. पोटाच्या अल्सरचे जंतू. पर्थमधले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना 1979 पासून जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत होते. आम्लात जंतू जगत नाहीत असं मानून बाकीचे ‘बाहेरून आले असतील’ म्हणत. 1981 मध्ये बॅरी मार्शल हा शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडे आला. एकाकडे तुकडे, दुसऱ्याकडे जिवंत रुग्ण. जंतू वाढवायचे प्रयत्न फसत होते कारण बश्या दोन दिवसांनी फेकून द्यायची पद्धत होती. 1982 च्या ईस्टरच्या सुटीत बश्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. 2005 चं नोबेल.

मी रोज पस्तीस-चाळीस रुग्ण बघतो. ‘डॉक्टर, अजून एक सांगायचं होतं’ असं दारातून वळून म्हणणारे असतात. घाईत ते वाक्य मी टाकून देतो. माझं उत्तर हेच.

---

प्रयोगवही

सगळं वाचून अंगावर काटा आला. तरी मनातलं बोलते, कारण मी अजून पक्क्या नोकरीत नाही. टाकाऊ म्हणून मी काही दाखवलं आणि त्याचं सोनं दुसऱ्याने केलं, तर माझं नाव कुठे? दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत मी एक न जमलेला आलेख दाखवला होता. वर्षभराने तोच विचार दुसऱ्या गटाच्या निबंधात निघाला. आभारातसुद्धा नाव नव्हतं. तेव्हापासून मी बैठकीत फक्त छापून आलेलंच दाखवते. मला हे आवडत नाही, पण करते.

---

आंबेनळी

प्रयोगवही, तुझ्यावर अन्याय झाला आणि त्याला अन्यायच म्हणायला हवं. ‘विज्ञानासाठी एवढं सोसावं’ असं मी तुला सांगणार नाही. ज्यांच्या नोकऱ्या पक्क्या आहेत त्यांनी आधी दारं उघडावीत, तरुणांकडून पहिली अपेक्षा ठेवू नये.

एक व्यवहारातली गोष्ट सुचवते, मी उशिरा शिकले. दाखवायच्या आधी तारीख घालून दोन पानांचं टिपण सगळ्या उपस्थितांना मेल करायचं: ‘आज मी हे दाखवणार आहे.’ आणि नमुना देताना आधीच बोलून घ्यायचं, यातून निबंध झाला तर दोघांचं नाव. मला पूर्वी ते मागताना संकोच वाटायचा. झाडीपट्टीची मैत्रीण चिमूट मागते तेव्हा तिला संकोच वाटत नाही, मग देणाऱ्याला का वाटावा?

गुब्बिओच्या निबंधावर चार नावं आहेत. खापरं मोजणाऱ्यांचीही.

आणि भांडणं मिटतात असंही नाही. 22 फेब्रुवारी 2019 च्या ‘सायन्स’मध्ये आपल्या दख्खनवर एकाच अंकात दोन निबंध आले. प्रिन्स्टनचा गट तांबड्या थरातल्या झिरकॉनवरून म्हणतो, डायनासोर संपण्याच्या थोडं आधी लाव्हाचा मोठा लोंढा आला. बर्कलीचा गट काळ्या दगडातल्या फेल्डस्पार या खनिजावरून म्हणतो, बहुतेक लाव्हा आघातानंतर आला. सगळा उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकला, हे दोघांना मान्य. एक लाल थराकडे बघतो, एक काळ्या. दोन्ही आकडे उघड्यावर आहेत म्हणून निदान भांडता येतं.

---

बोअरवाला_सातारा

नमस्कार. मी शास्त्रज्ञ नाही, बारावीनंतर वडिलांच्या बोअरच्या गाडीवर लागलो. सगळा धागा दोनदा वाचला. त्या लाल थराबद्दल बोलू का?

आम्हाला तो जवळजवळ प्रत्येक बोअरला लागतो. काळा पत्थर असला की धूळ करडी येते, लाल लागला की धूळ विटकरी होते, पाणी असेल तर लाल गाळ फेकते. तो थर ढासळतो, रॉड अडकतो. म्हणून त्याची खोली आम्हाला तोंडपाठ लागते. पार्टीच्या वहीत फक्त एकूण फूट आणि केसिंग किती टाकलं एवढंच लिहितो. चुरा तिथेच बांधावर पडतो, पहिल्या पावसात वाहून जातो.

वीस वर्षांत वाई, जावळी, पाटण मिळून हजाराच्या वर बोअर मारल्या असतील. म्हणजे तुमच्या भाषेत मी सगळ्यात जास्त टाकून देणारा. हे कामाचं आहे का?

---

आंबेनळी

भाऊ, हात जोडते. घाटात मला थर दिसतो तो रस्त्याने कापला तेवढाच. तुम्ही शेताखाली तीनशे-चारशे फूट सरळ खाली जाता. अशी तुमची हजार टोचणं! लाल थर किती खोलीवर, किती जाड, हे एवढंच जरी नकाशावर मांडलं तरी तो गावागावांखालून कसा गेलाय ते दिसेल. पाणी शोधणाऱ्यांनाही लागेल.

पुढच्या बोअरला एवढं कराल का? दर दहा फुटांना मूठभर चुरा प्लास्टिकच्या पिशवीत, वर पक्क्या मार्करने गावाचं नाव, तारीख, खोली. लाल लागला की दर दोन फुटांना. चुरा धुऊ नका, चाळू नका. मोबाइलवर जागेचं लोकेशन सेव्ह करा. पहिल्या निबंधात तुमचं नाव असेल, हे इथे सगळ्यांसमोर लिहून देते.

---

हस्तनक्षत्र

भाऊ, पाणी किती फुटांवर लागलं आणि त्या दिवशीची तारीख, हेही लिहाल का? मला हवंय.

---

झाडीपट्टी

लाल थराच्या पिशवीतली चिमूट मलाही. दोन उद्रेकांच्या मधे तिथे काही उगवलं होतं का, बघते.

---

बोअरवाला_सातारा

काल मेढ्याच्या अलीकडे एक बोअर झाली. पोराला पिशव्या भरायला बसवलं. 0 ते 20 मुरूम, मग काळा, 110 ला लाल लागला, 117 ला संपला, परत काळा. पाणी 185 ला, दीड इंची. 23 पिशव्या झाल्यात. त्यातल्या चार लाल, पैकी एक ओली आहे, तिचं तोंड उघडं ठेवू की बांधू?

---

आंबेनळी

उघडं ठेवा, सावलीत, वर कागद झाका. उन्हात नको. मी रविवारी सकाळच्या एसटीने येते.